निकालापासून बहुमत चाचणीपर्यंत: सरकारचे आकडे घरी बसून स्वतः कसे मोजायचे

विधानसभेचा निकाल लागला की पुढचे दहा-पंधरा दिवस नुसते आकडे उडत असतात, टीव्हीवर एक, पक्षाच्या पत्रकार परिषदेत दुसरा, राजभवनात दिलेल्या पत्रात तिसरा, आणि व्हॉट्सअॅपवर तर कुणीही काहीही टाकतं. यातला कुठला आकडा किती धरायचा हे ओळखायची एक साधी पद्धत आहे आणि ती प्रत्येक मतदाराला यायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण मत देऊन आपलं काम संपत नाही, त्या मताचं पुढे काय झालं हे बघणंही आपलंच काम आहे. उदाहरणं मी मुख्यतः महाराष्ट्राचीच घेतोय, कुठे गरज पडली तर शेजारच्या राज्यांची.

आधी एक कागद घ्या किंवा मोबाईलमध्ये शीट उघडा आणि चार रकाने करा. पहिल्यात निवडून आलेले, पक्षवार. दुसऱ्यात निवडणुकीआधीच जाहीर झालेल्या युती-आघाड्यांची बेरीज. तिसऱ्यात निकालानंतर ज्यांनी पाठिंब्याचं पत्र दिलं किंवा दिलं असं सांगितलं जातंय ते. चौथा रकाना मोकळा ठेवायचा, तो सभागृहात प्रत्यक्ष मोजणी होईल तेव्हाच भरायचा. हे चार रकाने एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ जातो, कारण बातम्यांमध्ये बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातला आकडा चौथ्यातला असल्यासारखा सांगितला जातो.

कागदाच्या वरच लिहून ठेवा: एकूण जागा २८८, साधं बहुमत १४५. दुसऱ्या राज्याचं बघत असाल तर तिथला आकडा टाका, कर्नाटक २२४ आणि ११३, गोवा ४० आणि २१, मध्य प्रदेश २३० आणि ११६. हा मॅजिक फिगर म्हणजे पूर्ण सभागृह हजर असेल तर लागणारा आकडा आहे, प्रत्यक्षात तो हलतो, ते पुढे सांगतो.

मतमोजणीच्या दिवशी

सकाळी ८ वाजता आधी पोस्टल मतं मोजायला घेतात आणि साधारण अर्ध्या तासाने ईव्हीएमची मोजणी चालू होते, म्हणजे साडेआठच्या आत जे "आघाडीवर" दिसतं ते पोस्टल मतांवरचं असतं, त्याची नोंदच करू नका. त्यानंतर फेऱ्या. साधारणपणे एका हॉलमध्ये १४ टेबलं लावतात, एका फेरीत १४ बूथच्या मशीन मोजल्या जातात, म्हणजे ज्या मतदारसंघात ३०० च्या आसपास बूथ आहेत तिथे बावीसेक फेऱ्या होणार. निवडणूक आयोगाच्या निकालाच्या वेबसाइटवर प्रत्येक मतदारसंघासमोर किती फेऱ्या झाल्या आणि एकूण किती आहेत हे दिलेलं असतं, लीडचा आकडा बघण्याआधी नजर तिकडे टाका. सहाव्या फेरीतलं दोन हजारांचं लीड आणि विसाव्या फेरीतलं दोन हजारांचं लीड यात खूप फरक आहे. शिवाय बूथ साधारण क्रमांकाने मोजतात, त्यामुळे एका भागातली गावं किंवा वॉर्ड सलग येतात, एखाद्या उमेदवाराचा बालेकिल्ला आधी मोजला गेला तर तो दुपारपर्यंत पुढे दिसतो आणि नंतर मागे पडतो, त्यात काही संशयास्पद नसतं.

शेवटी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातले ५ बूथ चिठ्ठी काढून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, पावत्या मोजतात, मग निकाल जाहीर होतो आणि विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या रकान्यात नाव टाकायचं ते "विजयी" झाल्यावरच, आघाडीवरचं नाही. २०२४ ला मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी ठरली, अशा जागा शेवटच्या फेरीपर्यंत कुणाच्याच खात्यात धरता येत नाहीत.

मतांची टक्केवारी आणि जागा यांचा ताळमेळ लावत बसू नका, आपल्याकडे त्या मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकतो, मग ती तीस टक्के असोत की साठ. सरकार बनवायला जागा लागतात, टक्केवारी नंतर निवांत बघा.

पक्षवार मांडणी, आणि इथे खरी गंमत आहे

पहिला रकाना भरताना उमेदवार कुठल्या चिन्हावर निवडून आला ते बघायचं, तो स्वतःला कुठल्या पक्षाचा म्हणवतो ते नाही. २०१९ ला रासप, रिपाइंसारख्या मित्रपक्षांचे काही उमेदवार कमळावर लढले होते, असा माणूस जिंकला की तो कागदोपत्री भाजपचा आमदार, भाजपचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, त्याला लागू. हे लक्षात आलं नाही तर एकच आमदार दोन ठिकाणी मोजला जातो.

अपक्ष वेगळे लिहा आणि प्रत्येकाच्या पुढे तो आधी कुठल्या पक्षात होता ते टाका. बरेचसे अपक्ष हे तिकीट न मिळालेले बंडखोर असतात, त्यामुळे ते कुणीकडे वळतील याचा थोडा अंदाज येतो, पण अंदाजच. अपक्षांबद्दल एक नियम पक्का लक्षात ठेवा: निवडून आल्यावर अपक्ष आमदार एखाद्या पक्षात सामील झाला तर तो अपात्र ठरू शकतो, पण सरकारला पाठिंबा देणं म्हणजे पक्षात जाणं नव्हे. म्हणून अपक्ष कायम "पाठिंबा दिला" असंच म्हणतात. १९९५ ला ४५ अपक्ष निवडून आले होते, काँग्रेस ८० वर होती, शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळून १३८, तरी मनोहर जोशींचं सरकार बनलं ते अपक्षांच्या जोरावर. २०२४ ला अपक्ष फक्त २ होते आणि त्यांना कुणी विचारायची वेळच आली नाही. दोन्ही वेळी अपक्ष हे अपक्षच होते, फरक फक्त मोठ्या पक्षांची बेरीज कुठे अडली याचा.

दुसरा रकाना: निवडणुकीआधीची युती. २०२४ ला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, बेरीज २३०. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. इथे काही मोजायचं उरतच नाही. पण २०१९ घ्या. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती म्हणून लढलेल्या भाजप-शिवसेनेची बेरीज १६१, म्हणजे बहुमतापेक्षा सोळा जास्त, निकालाच्या रात्री कागदावर सरकार तयार होतं. आणि तरी ते बनलं नाही, कारण मुख्यमंत्रीपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरलं होतं की नव्हतं यावरून तिढा पडला, शिवसेना म्हणत होती शब्द दिला होता, भाजप म्हणत होती असं काही ठरलंच नव्हतं. लोकांसमोर समसमान वाटपाची भाषा झाली होती, पण त्यात मुख्यमंत्रीपद येतं का हे लिहून कुणी दाखवलं नाही. माझं ठाम मत आहे की युती करून मतं मागणाऱ्या पक्षांनी असा करार मतदानाआधी लेखी जाहीर करायला हवा, मतदार युतीला मत देतो तेव्हा त्याला कळायला नको का की नेमकं काय ठरलंय.

त्यामुळे दुसऱ्या रकान्यात बेरीज १४५ च्या वर गेली तरी शेजारी एक प्रश्न लिहा, मुख्यमंत्री कोण हे दोन्ही पक्ष एकच नाव घेऊन सांगतायत का. नसतील तर रकाना पेन्सिलीने भरा.

पाठिंबा किती प्रकारचा असतो

निकालानंतरचा तिसरा रकाना भरताना "पाठिंबा" हा शब्द आला की लगेच बेरीज करायची नाही, आधी विचारायचं कसला पाठिंबा. एक, सरकारमध्ये बसणार, मंत्रीपदं घेणार. दोन, बाहेरून, म्हणजे मंत्रीपद नको पण ठरावाला मत देणार. तीन, तटस्थ राहणार, म्हणजे मतदानातच भाग घेणार नाही. चार, सभात्याग किंवा गैरहजर. पहिले दोन तुमच्या बेरजेत जातात, पुढचे दोन बेरजेत जात नाहीत पण ते लागणारा आकडाच खाली आणतात, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

२०१४ चं बघा. तेव्हा चारही मोठे पक्ष वेगळे लढले, भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. निकालाच्या दिवशीच राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ असं जाहीर केलं. आता समजा ते ४१ जण नुसते तटस्थ जरी राहिले तरी मत देणारे उरतात २४७, त्यांचं बहुमत १२४, म्हणजे १२२ वाल्या पक्षाला लहान पक्ष आणि अपक्षांतले थोडेसे पुरे. घटनेप्रमाणे सभागृहातला निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, एकूण संख्येच्या नाही. म्हणून १४५ नसतानाही सरकार बनू शकतं आणि चालूही शकतं, फक्त ते रोज दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं. तेव्हा शिवसेना आधी विरोधी बाकावर बसली आणि डिसेंबर २०१४ मध्ये सरकारमध्ये आली.

आणि आकडा खाली आणायचा दुसरा मार्ग म्हणजे राजीनामे. मध्य प्रदेशात २०१८ ला काँग्रेस ११४, भाजप १०९, कमलनाथांनी बाकीच्यांना घेऊन सरकार बनवलं. मार्च २०२० ला काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, आधीच्या २ जागा रिकाम्या होत्या, म्हणजे सभागृह उरलं २०६ चं आणि बहुमत १०४ चं, भाजपकडे तेव्हा १०७ होते. काँग्रेसचा एकही आमदार सभागृहात भाजपच्या बाजूने उभा राहिला नाही तरी हिशोब उलटला, बहुमत चाचणीआधीच कमलनाथांनी राजीनामा दिला. तेव्हा तुमच्या कागदावर २८८ च्या खाली "सध्या भरलेल्या जागा" अशी ओळ ठेवा आणि कुणी वारलं, राजीनामा दिला, अपात्र ठरलं की ती बदला.

सह्यांची पत्रं किती धरायची

फारच कमी. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५.४७ ला, निकालानंतर लागलेली राष्ट्रपती राजवट उठली आणि ८ च्या सुमाराला फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. हिशोब होता भाजपचे १०५, राष्ट्रवादीचे ५४ आणि ११ इतर, मिळून १७०. अजित पवार तेव्हा राष्ट्रवादीचे गटनेते, म्हणजे विधिमंडळातले पक्षाचे नेते होते आणि त्यांनी दिलेल्या पत्राला ५४ आमदारांच्या सह्यांची यादी जोडलेली होती. त्याच दिवशी पक्षाने त्यांना गटनेतेपदावरून काढलं, २५ तारखेला मुंबईतल्या एका हॉटेलात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तिन्ही पक्षांनी मिळून १६२ आमदार उभे केल्याचं सांगितलं, २६ ला सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्या असा आदेश दिला आणि त्याच दुपारी सरकारने राजीनामा दिला. ३० तारखेला उद्धव ठाकरेंच्या सरकारची चाचणी झाली तेव्हा शिरगणतीत १६९ निघाले, ४ तटस्थ राहिले, भाजपने सभात्याग केला. आता तुमच्या शीटमध्ये हे टाकून बघा: तिसऱ्या रकान्यात एकदा १७० आणि एकदा १६२, दोघांची बेरीज ३३२, आणि सभागृह आहे २८८ चं. म्हणजे काही आमदार दोन्हीकडे मोजले गेले होते, हे कुणी न सांगता नुसत्या बेरजेवरून कळतं. दोन बाजूंचे दावे आले की ते एकत्र करून २८८ शी ताडून बघणं ही सगळ्यात उपयोगी सवय आहे.

पत्राबाबत विचारायचे प्रश्न म्हणजे, सही कुणाची आहे, एकेका आमदाराची की फक्त गटनेत्याची, गटनेता अजून गटनेता आहे का, आणि पत्रात पाठिंबा कुणाला आहे हे स्पष्ट लिहिलंय का. हॉटेल किंवा रिसॉर्टमध्ये किती जण आहेत यावरूनही काही ठरवू नका, तिथे असणं म्हणजे मत देणं नव्हे.

राज्यपाल कुणाला बोलावतात

सगळ्यात मोठ्या पक्षालाच बोलावलं पाहिजे असा नियम आहे असं खूप जण समजतात. घटनेत तसं कुठेच लिहिलेलं नाही, राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात एवढंच आहे. केंद्र-राज्य संबंधांसाठी नेमलेल्या सरकारिया आयोगाने एक क्रम सुचवला होता, आधी निवडणुकीपूर्वीची आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सगळ्यात मोठा पक्ष, मग निकालानंतरची आघाडी ज्यात सगळे सरकारमध्ये आहेत, आणि शेवटी अशी आघाडी ज्यात काही जण बाहेरून पाठिंबा देतायत. पण व्यवहारात हे वेगवेगळ्या पद्धतीने झालंय. गोव्यात २०१७ ला काँग्रेस १७ आणि भाजप १३ असताना भाजपने बाकीच्यांची पत्रं आधी नेऊन दिली, पर्रीकरांचा शपथविधी झाला आणि कोर्टाने सांगितलेल्या चाचणीत २२ विरुद्ध १६ ने ते जिंकले. कर्नाटकात पुढच्याच वर्षी उलटं, काँग्रेस आणि जेडीएसने (जनता दल सेक्युलर) मिळून दावा केला तरी १०४ वाल्या भाजपला आधी बोलावलं आणि बहुमत सिद्ध करायला १५ दिवस दिले, सुप्रीम कोर्टाने ती मुदत कापून १९ मे ला चाचणी लावली आणि येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

त्यामुळे राज्यपालांचं निमंत्रण आलं की शीटमध्ये फक्त दोन गोष्टी लिहा, कुणाला बोलावलं आणि किती मुदत दिली. मुदत जितकी लांब तितका घोडेबाजाराला वाव, हे इतक्या वेळा दिसलंय की माझ्या मते दोन-चार दिवसांच्या वर मुदत द्यायचं काही कारणच नसतं. आणि मुदत सगळ्यांना सारखी मिळाली का हेही बघा. २०१९ ला भाजपने नकार दिल्यावर शिवसेनेला साधारण २४ तास मिळाले, त्यांनी आणखी ३ दिवस मागितले ते मिळाले नाहीत, मग राष्ट्रवादीला विचारलं आणि त्यांची मुदत संध्याकाळी संपायच्या आतच १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली.

इथे अजून एक गैरसमज दूर करून घ्या. जुन्या विधानसभेची मुदत संपायच्या आत सरकार बनलं नाही तर आपोआप राष्ट्रपती राजवट लागते असं दर वेळी फिरतं, २०२४ ला पण २६ नोव्हेंबर ही "डेडलाइन" म्हणून सगळीकडे फिरत होती. निकालानंतर निवडणूक आयोगाची अधिसूचना निघाली की नवीन विधानसभा अस्तित्वात येते, जुनीची मुदत संपली म्हणून काही कोसळत नाही. २६ ला शिंदेंनी राजीनामा दिला, काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणून राहिले आणि नवं सरकार ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ घेऊन आलं. राष्ट्रपती राजवट लागते ती राज्यपालांच्या अहवालावरून, कलम ३५६ खाली. आणि ती लागली तरी विधानसभा बरखास्त झाली की नुसती स्थगित ठेवली हे बघायचं, २०१९ ला स्थगित होती म्हणूनच दोन आठवड्यांत पुन्हा सरकार बनू शकलं. बिहारमध्ये २००५ ला विधानसभा बरखास्तच केली, एकदाही न बसलेली, कोर्टाने नंतर ते घटनाबाह्य ठरवलं पण तोवर परत निवडणुकीची वेळ आली होती आणि जुने आमदार परत आले नाहीत.

शपथविधी

मुख्यमंत्री आमदार नसला तरी चालतो, ६ महिन्यांत कुठल्यातरी एका सभागृहात निवडून यावं लागतं, उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले आणि मे २०२० ला विधान परिषदेवर बिनविरोध गेले. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही, ते मंत्रीच. मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्री धरून सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे आपल्याकडे ४३.

ही ४३ ची मर्यादा आघाडी समजून घ्यायला फार कामाची आहे. ४३ पदं तीन पक्षांत वाटायची असतात आणि प्रत्येकाकडे इच्छुक ढीगभर असतात, त्यामुळे विस्तार रखडतो. २०२२ ला ३० जून ते ९ ऑगस्ट शिंदे आणि फडणवीस असे दोघेच मंत्रिमंडळात होते. २०२४ ला तिघांनी ५ डिसेंबरला शपथ घेतली, ३९ जणांनी १५ डिसेंबरला नागपुरात, म्हणजे ४२ झाले, खातेवाटप त्याच्याही नंतर आणि पालकमंत्र्यांच्या यादीवरून रायगड-नाशिकचा वाद पुढे जानेवारीत. आघाडीत कोण किती वजनदार आहे हे आमदारांच्या आकड्यावरून जेवढं कळतं त्याहून जास्त गृह, अर्थ, महसूल, नगरविकास ही खाती कुणाकडे गेली यावरून कळतं. २००४ ला राष्ट्रवादी ७१ आणि काँग्रेस ६९ होती, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव झाले, राष्ट्रवादीने त्या बदल्यात मंत्रीपदं जास्त घेतली.

चौथा रकाना, सभागृहात

सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून हे पक्कं आहे की बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं. क्रम असा असतो: हंगामी अध्यक्षांची नेमणूक, मग सगळ्या आमदारांना शपथ, कारण शपथ न घेतलेल्या आमदाराला मत देता येत नाही, मग अध्यक्षांची निवड आणि विश्वासदर्शक ठराव. शेवटच्या दोन गोष्टी मागेपुढे होऊ शकतात, २०१९ ला ठराव आधी झाला आणि अध्यक्ष दुसऱ्या दिवशी, २०२२ ला आधी ३ जुलैला अध्यक्ष आणि ४ ला ठराव.

अध्यक्षांची निवडणूक लढवली जात असेल तर ती नीट बघा, तीच पहिली खरी मोजणी असते. २०२२ ला सरकारच्या बाजूच्या राहुल नार्वेकरांना १६४ आणि विरोधकांच्या राजन साळवींना १०७ मतं मिळाली, दुसऱ्या दिवशी ठरावावर सरकारला पुन्हा १६४ आणि विरोधात ९९, विरोधी बाजूचे काही जण वेळेत सभागृहात पोचलेच नव्हते. सरकारचा आकडा तोच राहिला, विरोधकांचा घसरला, हे चौथ्या रकान्यात तारखेसह लिहून ठेवायची गोष्ट आहे.

अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, मतं समसमान पडली तरच देतात. म्हणून काठावरच्या बहुमतात अध्यक्ष आपला करणं म्हणजे आपलंच एक मत कमी करणं असतं. १४५ जणांच्या आघाडीचा एक जण अध्यक्ष झाला तर १४४ विरुद्ध १४३, त्यात एक आमदार दवाखान्यात असला की १४३-१४३ आणि अध्यक्षांच्या मतावर सरकार. यावरून कळेल की १५०-१५५ वर पोचलेले पक्षही अजून अपक्ष का गोळा करत असतात.

मतदान कसं झालं हेही लिहा. आवाजी मतदान म्हणजे "होय" आणि "नाही" चा आवाज ऐकून अध्यक्ष निकाल देतात, कुणी पोल मागितला तर शिरगणती होते. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. बहुमत उघड उघड नसताना आवाजी मतदान पुरेसं धरू नये असं मला वाटतं, कोण कुठे उभं राहिलं हे मतदाराला कळलंच पाहिजे. तुमच्या शीटमध्ये आवाजी मतदान असेल तर चौथा रकाना आकड्याने भरू नका, "मोजणी झाली नाही" असं लिहा.

नंतर कुठे लक्ष ठेवायचं

पक्षांतर बंदीचं गणित दोन ओळींत: १९८५ ला कायदा आला तेव्हा एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती सोय काढली आणि आता फक्त दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केलं तरच संरक्षण. प्रत्येक मोठ्या पक्षापुढे दोन तृतीयांशाचा आकडा लिहून ठेवा, ५५ असतील तर ३७, ५४ असतील तर ३६. जून २०२२ ला शिवसेनेत एकनाथ शिंदेंचा गट फुटला तेव्हा "३७ झाले का" हेच सगळे विचारत होते ते यामुळे. पण पुढे वाद वेगळ्याच वाटेने गेला, शिंदे गटाने विलीनीकरण केलं नाही, आम्हीच खरा पक्ष असं म्हटलं. आयोगाने फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिलं. मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की व्हिप काढणारा प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, राज्यपालांनी चाचणी बोलावणंही बरोबर नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला आणि तो आला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षाने. कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

हे उशीर होणंच सगळ्यात घातक आहे असं मला वाटतं. मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की अध्यक्षांनी साधारण ३ महिन्यांत असा निर्णय द्यावा. म्हणून अपात्रतेचा अर्ज दाखल झाल्याची बातमी आली की ती तारीख शीटमध्ये टाका, शेजारी ३ महिन्यांनंतरची तारीख टाका, आणि त्या दिवशी आपल्या आमदाराला विचारा की निर्णय झाला का. तुमचा आमदार ज्या बाजूने निवडून आला त्याच बाजूला अजून आहे का हेही त्याच शीटमध्ये, दर अधिवेशनाला एकदा बघायचं आणि बदल झाला तर तारीख टाकून लिहायचं, पुढच्या निवडणुकीत तो मत मागायला दारात आला की तो कागद त्याच्यासमोर ठेवता येतो.